ग्रॅहमच्या जहाजामागचा ढोल

अपूर्वने मला स्लाऊहून घेतलं तेव्हा मागच्या सीटवर ढोल आधीच बसलेला होता, चक्क बेल्ट लावून. "आत्या, तू जरा सरकून बस हं," तो म्हणाला. माझा हा भाचा एरवी इस्त्रीशिवाय बाहेर पडत नाही. आज अंगात पट्ट्यापट्ट्यांचा बनियन, कमरेला बायकोची जुनी ओढणी आणि डोळ्यावरची काळी पट्टी कपाळावर सरकवलेली.

"मोटरवेवर तेवढी पट्टी खाली करू नकोस," मी म्हटलं.

तो हसला. पुढे बसलेली देविका हसली नाही. मांडीवरचा नारळाच्या वड्यांचा डबा तिने दोन्ही हातांनी धरला होता.

तिचंही खरं होतं. सप्टेंबरात दोघांचा व्हिसा संपत होता. पुढे राहायचं तर कंपनीने पुन्हा स्पॉन्सर करायला हवं, आणि त्यासाठी अपूर्वच्या साहेबाने, ग्रॅहमने, वर शब्द टाकायला हवा. ईस्टरपासून अपूर्व विचारत होता आणि ग्रॅहम 'बघतो' म्हणत होता. इकडे देविकाने मिल्टन कीन्सच्या त्या भाड्याच्या घराला घरमालकाच्या परवानगीने पिवळा रंगही देऊन टाकला होता. रंग देणारी बाई मनाने कधीच राहायला आलेली असते.

मध्येच ग्रॅहमने अपूर्वच्या फोनवर गणपतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाहिला. "अरे, आमच्या गावच्या समुद्री चाच्यांच्या जत्रेला यायलाच हवं तुम्ही! आणि तो ढोल घेऊन या!"

इथे चाळीस वर्षं काढल्यावर मला हे वाक्य चांगलं ओळखता येतं. साहेब लोक ते दारात कोट चढवता चढवता म्हणतात आणि बटणं लावून होईपर्यंत विसरतात. अपूर्वला मी तसं सांगितलंही. "आत्या, तू माणसांचे फार हिशेब करतेस," म्हणाला. मग काय, ओढणी आणि ढोल.

गाव समुद्राकाठी उतरत गेलेलं. गाडी वर लावून खाली आलो तर सगळं गावच चाचे झालेलं. म्हाताऱ्यांच्या कमरेला प्लास्टिकच्या तलवारी, बाबागाड्यांवर काळी निशाणं, कुत्र्यांच्या डोक्यांवर तिकोनी टोप्या. एरवी इंग्रज माणूस शेजाऱ्याशी हवामानाच्या आडूनच बोलतो. पण अंगात चाच्याचे कपडे घातले की अनोळखी बाईच्या खांद्यावर हात टाकून आरोळी ठोकतो. माझ्याही खांद्यावर असे दोन हात पडले. एक पाद्रीबाबांचा होता.

ट्रेलरवर बांधलेल्या लाकडी जहाजात ग्रॅहम तोंड रंगवून, कॅप्टन होऊन उभा होता. आता हा आपल्याला ओळखणारसुद्धा नाही, असं मी मनाशी म्हणतेय तोवर त्याने वरून उडीच मारली आणि ढोलासकट अपूर्वला मिठी मारली. आमची जागा जहाजाच्या बरोब्बर मागे राखून ठेवलेली. "हाच तो! मी सांगत होतो तो!" असं तो सगळ्यांना ओढून ओढून दाखवत होता. त्याच्या बायकोने मला लाल रुमाल बांधला. ग्रॅहमने दोन वड्या एकदम तोंडात कोंबल्या आणि तिसरी खिशात घातली.

माझा हिशेब साफ चुकला होता, आणि चुकल्याचा मला आनंद होत होता.

देविकाने माझा दंड धरला. "आत्या, तुम्हाला काय वाटतं? इतकं करतोय म्हणजे... होईल ना?"

"होईल," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

"मग आत्ताच विचार ना रे त्याला," ती अपूर्वला म्हणाली.

"आल्या आल्या? बरं दिसतं का ते? आधी वाजवतो, मग चहाच्या वेळी विषय काढतो."

देविका घरच्यांना पाठवायला व्हिडिओ काढायचा म्हणून रस्त्याकडेच्या कठड्यापलीकडे गर्दीत गेली. मी अपूर्वची पाण्याची बाटली घेऊन त्याच्या मागे. मिरवणूक निघाली. अपूर्वने कमरेचा दोर आवळला आणि हातातलं टिपरू ढोलावर घातलं.

पहिल्या ठोक्याला सीगल उडाले. दुसऱ्याला लोक वळले. पुढच्या वळणापर्यंत सगळा समुद्रकाठ त्या तालावर पाय आपटत होता. चाच्यांनी भरलेल्या त्या रस्त्यावर पुण्याचा ढोल असा काही बसला की जणू त्याच्यावाचून त्यांचं अडलं होतं. ग्रॅहम जहाजावरून उतरला, अपूर्वच्या गळ्यात हात टाकून त्याच्याबरोबर चालू लागला. एवढ्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून मलाही ऐकू आलं.

"ब्रिलियंट! तुझ्याशिवाय ऑफिसात करमणार नाही रे आम्हाला!"

एक ठोका चुकला.

"माझ्याशिवाय?" अपूर्व म्हणाला. हात चालूच होता.

ग्रॅहमचा चेहरा रंगाखालीही उतरलेला दिसला. "एचआरचा मेल नाही आला? शुक्रवारी पाठवणार होते." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "वरून ठरलं. मी भांडलो रे, खरंच भांडलो. स्पॉन्सर करणं बंदच केलंय त्यांनी." खोटं बोलत नव्हता. खोटं बोलत असता तर मला त्याचा राग तरी धरता आला असता. "आज नको तो विषय. आजचा दिवस मजा करू, हं?"

जहाजावरून कोणीतरी तोफ उडवायला कॅप्टनला हाक मारली. त्याने अपूर्वच्या पाठीवर थोपटलं आणि तो शिडी चढून गेला.

दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. मागून दुसऱ्या गावचे चाचे, पुढे ग्रॅहमचं जहाज. अपूर्वने हात आखडते घेतले तसे लोक "आणखी! आणखी!" ओरडायला लागले आणि नारिंगी जाकिटातला स्वयंसेवक हसत हसत म्हणाला, थांबू नका, पुढे चला.

"अपूर्व, ठेव खाली तो ढोल," मी म्हटलं.

"कुठे ठेवू, आत्या?"

खरंच, कुठे ठेवणार? मी बाटली पुढे केली, त्याने मान हलवली. "देविकाला आत्ता सांगू नकोस. घरी गेल्यावर मी सांगतो." आणि त्याने टिपरू असं घातलं की माझ्या छातीत बसलं. गर्दी खूश झाली.

देविका कठड्याकडेने, लोकांना चुकवत, आमच्याबरोबर पळत होती. फोन उंच धरलेला, चेहरा लाल. अपूर्वला अंगठा दाखवला तिने. त्यानेही मान डोलावली, वाजवता वाजवता. मग ती माझ्या अगदी जवळ आली आणि कठड्यावरून वाकून ओरडली, "आत्या, बोलत होते ना दोघं? काय म्हणाला ग्रॅहम?"

मी कानाला हात लावून मान हलवली, काही ऐकू येत नाही म्हणून.

ती हसली, अजून वाकली, आणि पुन्हा विचारलं.