माझ्या जागी कालवड आली असती

मित्रांनो, मी एक जुना ॲक्शन कॅमेरा आहे. काडेपेटीहून थोडा मोठा, काळा आणि एका डोळ्याचा. माझी कहाणी ऐकून हळहळायचं ठरवून आला असाल, तर हळहळ बाहेर चपलांजवळ ठेवा. मी कुणाची माफी मागायला बसलेलो नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. खोक्यात बंद करण्याआधी आम्हा भावंडांना आमचीच जाहिरात दाखवली होती. एक माणूस बर्फाच्या कड्यावरून उडी मारतो, हवेत कोलांट्या घेतो आणि थेट समुद्रात पडतो. कपाळावर आमच्यातलाच एक. मी खोक्यातच ठरवलं, आपल्या नशिबात समुद्र आहे.

खोकं उघडलं ते निलंगा तालुक्यातल्या एका गावात, भुजंगच्या ओसरीवर. समोर समुद्र नव्हता. कडबा होता.

भुजंगची आई रुक्मिणबाई. तिनं डेअरीला दूध घालून साठवलेले पैसे लेकाच्या हाती दिले होते आणि त्याला देवणीच्या बाजाराला धाडलं होतं, देवणी जातीची कालवड आणायला. लेक लातूरला गेला आणि मला घेऊन आला.

"हे काय हाय रे?"

"कॅमेरा हाय आई. डोक्याला बांधून गाडी चालवायची. व्हिडिओ लोक बघतेत, मग पैसे येतेत."

रुक्मिणबाईनं मला उलटंपालटं केलं, हलवलं, वास घेतला. "दूध किती देतंय?"

तिनं मला खाली ठेवलं आणि म्हणाली, "याच्यात देवणी कालवड आली असती."

हे वाक्य मी पुढं रोज ऐकलं. भाकरी थापताना, भांडी घासताना, पाहुणे आले की चहाबरोबर. जी कालवड आलीच नाही, तिच्याशी माझी बरोबरी. ती ना कधी आजारी पडायची, ना दावं तोडायची.

पण मी काम केलं, मित्रांनो. भुजंगच्या हेल्मेटवर बसून निलंगा-देवणी रस्त्याचा एकेक खड्डा टिपला. एकदा उसाची ट्रॉली माझ्या अंगावरून गेली. पंक्चर ट्रॉली झाली, मला ओरखडा नाही. खोटं वाटत असेल तर ट्रॉलीला विचारा. एकदा हौदात पडलो, तर म्हशी पाणी प्यायच्या सोडून फोटोसाठी तोंड पुढं करून उभ्या! तरीही व्हिडिओ बघणारे किती? भुजंग, त्याचा मित्र व्यंकट आणि चुकून एखादा.

आता जाहिरात जे सांगत नाही तेही सांगतो. माझी बॅटरी लवकर उतरते. अंधारात मला धड दिसत नाही. आणि मी तापतो. भुजंगच्या बहिणीचं, अयोध्याचं लग्न मे महिन्यात भर दुपारी होतं. शेवटची मंगलाष्टका सुरू झाली आणि मी बंद पडलो. अक्षता पडल्या, त्यातली एकही मला दिसली नाही. सगळ्यांनी मला नावं ठेवली. अहो, त्याच मांडवात दोन पाहुणे चक्कर येऊन पडले होते. त्यांना कुणी म्हणालं का, पैसे पाण्यात गेले म्हणून?

त्या दिवसापासून मी कोनाड्यात, मिसरीच्या डबीशेजारी. रुक्मिणबाईनं मात्र पुन्हा पैसे साठवले. या वेळी लेकाच्या हातात दिले नाहीत.

मग एक दिवस कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या मडिवाळप्पानं, जनावरांच्या दलालानं, भुजंगच्या फोनवर व्हिडिओ पाठवला. पांढरी, काळ्या तोंडाची कालवड. काय तिचं कपाळ, काय ती छाती! दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, विसाराचे आगाऊ पैसे आत्ताच फोनवरून पाठवा, असा निरोप.

"हीच पाहिजे," रुक्मिणबाई म्हणाली. "लगेच पाठव."

भुजंगनं व्हिडिओ तीनदा पाहिला. "आई, थांब. मागचा लाइटचा खांब बघ. विळ्यासारखा वाकलाय."

"मला खांब न्हाई घ्यायचा!"

"अगं, असल्याच कॅमेऱ्यानं काढलंय. हे लई जवळून, खालून काढलं की बारकं बी मोठं दिसतंय."

"तुला कालवड नकोच हाय. पयल्यांदा बी नव्हती." "या खेपेला माझं ऐक."

भुजंगनं मला कोनाड्यातून काढलं, फुंकर मारली, चार्ज केलं. अंगणात तुरुतुरु फिरणाऱ्या कोंबडीसमोर तो पालथा पडला आणि मला तिच्या चोचीपाशी धरलं. मित्रांनो, मी माझा डोळा सगळ्या जन्मात एवढा वटारला नव्हता.

रुक्मिणबाईनं पाहिलं. फोनमध्ये तिची कोंबडी उंटाएवढी उभी होती. मागं घराचा सरळ खांब विळ्यासारखा वाकलेला. तिनं जाऊन खांबाला हात लावून बघितला. मग म्हणाली, "विसार राहू दे. बाजारात जाऊन बघू."

देवणीच्या बाजारात मडिवाळप्पाची कालवड दिसली. शेळीशी भांडली असती तर हरली असती. रुक्मिणबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग भुजंगकडं पाहिलं आणि पुढं चालू लागली. उन्हं उतरायच्या आत तिनं दुसरी निवडली, दात बघून, पाठीवर हात फिरवून, चालवून.

मित्रांनो, डोळ्यांनी बघायचं ते डोळ्यांनीच बघा. जाहिरात बघून मला घेऊ नका. तुमच्या दारात मला काम काय, ते आधी ठरवा. आणि घेतलंच, तर उन्हात टाकू नका. काच मऊ कापडानं पुसा, टॉवेलाच्या टोकानं नको. मी जे पाहतो ते जवळून पाहतो. त्याला खोटं म्हणणाऱ्यांनी आधी खांब बघावा.

निघताना मडिवाळप्पा ओशाळं हसत आला. भुजंगच्या गळ्यात मी होतो. "अव्वा, माझा कॅमेरा बिघडलाय. हा द्या की. जुनाच हाय, शेळीचं पिल्लू देतो बदल्यात."

"देते की," रुक्मिणबाई म्हणाली. "याच्यात देवणी कालवड येते. आणतोस?"

मडिवाळप्पा निघून गेला. रुक्मिणबाईनं मला हातात घेतलं आणि पदरानं माझी काच खसाखसा पुसली. पदराला पेंडीचा चुरा होता, काचेवर दोन चरे उठले.

ते दोन्ही चरे मी अजून मिरवतो.