सतरा एक

दुपारी दोन वाजले की शामसुंदर काका टेबलापाशी येऊन बसत आणि वेदिकाला हाक मारत. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. आता हात इतके थरथरत की अंकच काढता येत नसे. म्हणून ते बोलत आणि सून लिही.

ओळीने सतरा वेळा एक लिहिला की जी संख्या होते, तिला भाग जातो का, हे त्यांना पाहायचं होतं, तेही यंत्राला हात न लावता. भाग गेलाच तर ज्या मूळ संख्येला चौतीसने भागून एक उरतो, तिनेच जाईल, एवढं त्यांनी सिद्ध केलं होतं. तशा संख्यांची यादी समोर होती. रोज चार भागाकार. यादीतलं काम चौदा लाखांपर्यंत आलं होतं. पहिली तीन वर्षं त्यांनी स्वतः लिहिलं होतं, पुढची दोन वेदिकाने.

घोटीच्या एका शाळेत तिला नोकरी मिळाली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

"जा की," काका म्हणाले. "एवढी संख्या संपली की जा."

द्वारका चौकातून सकाळची बस होती, पण परत यायला संध्याकाळचे सहा वाजणार. नवऱ्यालाही तिने विचारून पाहिलं. विहंग बुटांच्या नाड्या बांधत म्हणाला, "बाबांचं एवढं होऊ दे गं. त्यांना दुसरं काय आहे?"

त्या दुपारी काकांचा डोळा लागला, तेव्हा वेदिकाने मोबाइलवर सतरा एक टाकले. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. तिने यादीत बोट फिरवत जागा शोधली. मधे जवळजवळ तीन हजार संख्या होत्या. रोजच्या चारने पुरी दोन वर्षं.

शनिवारी तिने सांगून टाकलं. "बाबा, भाग जातो. मी मोबाइलवर पाहिलं."

काकांनी ती संख्या विचारून घेतली. मग म्हणाले, "लिही."

पाच. तीन. सहा. तीन. ते एकेक अंक सांगत होते, ती वजाबाकी मांडत होती. शेवटी वर एक कोटी पंचेचाळीस लाख दोन हजार एकसष्ट उरले. "साताने," काका म्हणाले. खाली तीच संख्या आली. वेदिकाने शून्य लिहिलं.

"पाच वर्षं," काका म्हणाले. "आणि तू मला ते ताटात वाढून दिलंस."

दोन दिवस ते जेवले नाहीत, की कुणाशी बोलले नाहीत. सोमवारी वेदिका साडी नेसून तयार झाली होती, पण विहंग दारातच उभा राहिला. "त्यांना अशा अवस्थेत सोडून जाणार आहेस?" बस गेली. शाळेकडून तिने चार दिवस मागून घेतले.

मंगळवारी दोन वाजता हाक आली. काकांचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता. "एकोणीस एक," ते म्हणाले. "आता अडतीसने भागून एक उरणाऱ्या. यादी नवी करावी लागेल."

वेदिकाने स्वयंपाकघरात जाऊन मोबाइलवर पाहिलं. ती मूळ संख्या होती. तिला भाग जाणारच नव्हता, आणि हाताने ते ठरवायचं तर एकशेपाच कोटींपर्यंत जावं लागणार होतं.

ती बाहेर आली. "बाबा, ही मूळ आहे. भाजक नाहीच हिला."

"तुझ्या मोबाइलने सांगितलं. आपण कुठे पाहिलंय?" त्यांनी थरथरत्या हाताने पेन पुढे केलं. "बस."

"मला शुक्रवारी घोटीला जायचंय."

"पहिली एकशे एक्क्याण्णव," काका म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नव्हतं, किंवा गेलंही असेल. तिने रजा घेऊन घरी थांबलेल्या विहंगकडे पाहिलं. दोन दिवसांनी वडील बोलू लागले म्हणून त्याचे डोळे भरून आले होते.

वेदिकाने खुर्ची ओढली. शुक्रवारी शाळेतून फोन आला, तेव्हा ती तेरावा भागाकार मांडत होती. तिने फोन वाजू दिला.