ज्याच्या त्याच्या नावाचा टंबलर

टंबलरच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव – सुनीती – आणि तळाशी कडू कॉफीचा गार घोट... सकाळी तिनं घरात सगळ्यांनाच बिनसाखरेची कॉफी ओतली होती. साखर फक्त मामंजींना वर्ज्य. पण हिचं लक्ष होतं कुठं? दुपारी इस्पितळाच्या लोकांना दाखवायच्या त्या संगणकावरच्या पानावर! ते जमलं तर बाळंतपणानंतर पुन्हा मिळालेली नोकरी टिकली, नाहीतर कंपनीचे कृष्णस्वामीसाहेब गोड आवाजात म्हणणार – थोडे दिवस घरीच राहा, अम्मा.

पान तसं साधंच. प्रत्येक रुग्णासमोर त्याचा शेवटचा तपासणी अहवाल. आधी एकेका रुग्णासाठी डेटाबेसला वेगळं विचारलं जाई, पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून जाई – म्हणून आज तिनं एका प्रश्नाच्या पोटातच दुसरा घातला, सबक्वेरी. आपण पायथनमध्ये लिहायचं, डेटाबेसला कळणाऱ्या एसक्यूएलमध्ये त्याचं भाषांतर तयार लायब्ररी करून देते. पान झटकन उघडलं, आणि मेलं, सगळ्यांसमोर एकच अहवाल! कुणा नीलमची साखर अख्ख्या इस्पितळाला... गंज चढला गं बाई मेंदूला, बाळगुटी उगाळता उगाळता संपले मी.

"ही घे," सासूबाई, सीतालक्ष्मी, दुसरा वाफाळता टंबलर घेऊन आल्या. तंजावरी हेल काढून म्हणाल्या, "सकाळी नाव पाह्यलंच नाहीस, गे. हाती आलं ते ओतलंस सगळ्यांस."

"आज सगळ्यांनाच माझा मधुमेह!" बाहेरून व्यासराजमामंजी हसले.

नाव पाह्यलंच नाहीस... सुनीती ताडकन सरळ बसली. आतला प्रश्न तरी कुठं बघत होता, बाहेर कुणाची ओळ चालू आहे ते? सर्वांत ताजा अहवाल उचलायचा, की झाला मोकळा! रुग्ण कोण, हे त्याला सांगितलं होतं कुणी? तिनं आतल्या फिल्टरमध्ये आउटररेफ घातलं – बाहेरच्या ओळीतल्या रुग्णाचेच अहवाल घे, बाबा – आणि पान पुन्हा उघडलं. ज्याचा त्याला! नीलमचा नीलमला, विश्वेशचा विश्वेशला... तिला हसू आवरेना. अगं, आहे की मी! इथंच होते, जाणार कुठं?

"काय झालं गे?" सासूबाई दचकल्या.

"आई, संध्याकाळची कॉफी मी करणार. नावं वाचून!"

इस्पितळाचे लोक काय म्हणतील, देव जाणे. तेवढ्यात फोन थरथरला – कृष्णस्वामी. सुनीतीनं आधी आपल्या नावाच्या टंबलरातला गोड घोट सावकाश घेतला, आणि मग फोन उचलला.