तळ्याकडच्या फरशा

शहरातल्या सगळ्यात मोठ्या बागेचं नूतनीकरण माझ्याकडे आलं, तेव्हा बाबांनी अर्ध्या गल्लीला सांगून टाकलं, "आमच्या पोरीला बाग दिलीय." एरवी माणूस मितभाषी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली, गिऱ्हाइकाशीही गरजेपुरतंच बोलले. आई गेल्यापासून रोज सकाळी त्याच बागेत एकटे तासभर फिरायचे.

मी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. बाबा त्यावरून बोटं फिरवत म्हणाले, "तळ्याकडच्या जुन्या फरशा काढणार?"

"सगळ्याच काढणार. एक वर, एक खाली. रोज कुणीतरी ठेचकाळतं."

"मी नाही ठेचकाळत."

"बागेत तुम्ही एकटेच आहात का?"

"तेवढी एक वाट ठेवली तर नाही चालणार?"

"बाबा, ठरलंय सगळं. आता मोडता घालू नका."

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. का ठेवायची, हे मीही विचारलं नाही.

काम अकरा महिने चाललं. मुळांनी उचललेले उंचवटे गेले, खडी गेली. सगळ्या वाटा एका पातळीत, एका रंगात, गुळगुळीत झाल्या. मुकादम खुशीत म्हणाला, "मॅडम, आता डोळे मिटून चाला, पाय अडायचा नाही." बाग उघडली त्या दिवशी माझं कौतुक झालं आणि मी जमिनीपासून दोन बोटं वरूनच चालत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बागेच्या रखवालदाराचा फोन आला. "ताई, तुमचे वडील तासाभरात चौथ्यांदा माझ्यासमोरून गेले. फाटक सापडत नसावं. विचारलं तर म्हणतात, फिरतोय."

मी धावत गेले. बाबा बाकावर बसले होते. सदरा घामाने भिजलेला, एका पायात चप्पल नव्हती.

"वाट कुठे वळते ते पायाला कळेना," ते खाली बघत म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर नळीतून बघावं एवढीच उरली होती, तीही धूसर. "चार-पाच वर्षांचं दुखणं दिसतंय. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. घरात म्हणजे मीच.

परत येताना बाबा रिक्षात आपणहून बोलले. फाटकातून आत शिरलं की तिरकी फरशी, तिथून डावीकडे. मग मुळांचा उंचवटा, पुढे खडी वाजायला लागली की तळं आलं. सगळी बाग त्यांनी पायांनी पाठ केली होती.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मला एकट्याला बाहेर सोडलं असतंस?"

नसतंच सोडलं.

मी जुन्या फरशांची चौकशी केली. त्या फोडून कुठल्याशा रस्त्याच्या भरावात गेल्या होत्या. मग वरिष्ठांच्या मागे लागून मी वाटांच्या कडेने खडबडीत दगडाची पट्टी बसवून घेतली. त्यात तीन महिने गेले. पट्टी झाल्यावर बाबांना घेऊन गेले. ते तळ्यापर्यंत पाय घासत चालले.

"काम छान केलंयस," ते म्हणाले. "पण ही वाट नवी आहे गं. जुनी शिकायला डोळे होते तेव्हाही पाच वर्षं लागली."

आता ते सकाळी गॅलरीत येरझाऱ्या घालतात. भिंतीला हात लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रविवारी मी म्हणते, चला बागेत. ते म्हणतात, तुला कामं असतील. नाहीत म्हटलं की चप्पल शोधायला लागतात. कुणी हात धरून चालवणं त्यांना आवडत नाही, हे मला त्यांच्या ताठलेल्या बोटांवरून कळतं. माझ्या समाधानासाठी येतात. आणि हे ठाऊक असूनही मी त्यांना नेते.