एका वाटीतल्या दोन पुड्या

मित्रांनो, माझ्या पोटात मराठीचे एकही अक्षर नाही, तरी आज मी तुमच्याशी मराठीत बोलणार आहे. मी बेंबळीच्या दवाखान्यातला जुना टाइपरायटर. हल्ली कपाटावर, एक फुटका कंदील आणि एक मोडकी टोपली यांच्या मध्ये माझा मुक्काम असतो. ओळ संपली की वाजणारी माझी घंटी कधीच मुकी झाली. पण कान शाबूत आहेत, आणि ऐकलेले काही मी विसरलेलो नाही.

माझा जन्म सातासमुद्रापार एका कारखान्यात झाला. जहाजातून मुंबईला आलो आणि तिथून सोलापूरच्या एका वकिलाकडे. वकील वारले तेव्हा डॉक्टर महांतप्पांनी मला विकत घेतले आणि गोधडीत गुंडाळून बैलगाडीतून निजामाच्या मुलखात आणले. नाक्यावरच्या शिपायाने गोधडी सोडून माझ्या कळांवर धपाधप बोटे आपटली आणि "हा बाजा नीट वाजत न्हाय," असे म्हणून मला सोडून दिले. त्या अपमानाचा राग मला बेंबळी येईपर्यंत होता. इंग्रजी लिहिणारा म्हणून माझी मिजास काही कमी नव्हती.

डॉक्टर कळंबच्या भुसार व्यापाऱ्याचे चिरंजीव. भाऊ दुकानात बसले, हे मात्र शिकून सरकारी दवाखान्यात आले. रोगी बरा झाला की इतर डॉक्टर हात धुऊन मोकळे होतात. आमच्या डॉक्टरांना तो का बरा झाला, हे शोधल्याशिवाय चैन पडत नसे. नारूवर त्यांनी एक लेख लिहिला, पटकीवर एक लिहिला. दुपारी गर्दी ओसरली की ते माझ्यापुढे बसत आणि दोन बोटांनी टकटक करत. बेंबळीच्या लोकांची दुखणी माझ्या फितीवरून कागदावर उतरत आणि पार मद्रासच्या वैद्यकीय मासिकात छापून येत. तो अंक आला की रसूल कंपाउंडर तो साऱ्यांना दाखवायचा. वाचता कोणालाच येत नसे, पण सगळे खूश होत. मी तर फुगूनच जायचो.

मग महायुद्ध पेटले. हिवतापावर तेव्हा एकच खात्रीचे औषध होते, क्विनीन. लोक त्याला कोयनेल म्हणत. ते जावा बेटातून येई, आणि ते बेट जपानने घेतले. दवाखान्यातला डबा तळाला गेला. तेव्हा डॉक्टरांना सागरगोट्याची आठवण झाली. मुली ज्यांनी खेळतात तेच हे राखी, टणक बी. ते भाजून, आतला गर मिऱ्यासोबत कुटून तापात देण्याची जुनी पद्धत होती. तो खरोखर लागू पडतो का, हे त्यांनी पारखायचे ठरवले.

त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडली होती. दोन औषधांच्या पुड्या बांधायच्या. तांबड्या दोऱ्याच्या पुडीत कोयनेल, पांढऱ्या दोऱ्याच्या पुडीत सागरगोटा. आणि एकाच घरातल्या काही आजाऱ्यांना तांबडी द्यायची, काहींना पांढरी. ते रसूलला म्हणाले, "घर एक, पाणी एक, डासही तेच. मग फरक पडला तर तो औषधाचाच."

जवळच्या आळीतल्या पार्वतम्मा नेमाने पुड्या न्यायला यायच्या. त्यांच्या मुलाला तांबडी होती आणि सात-आठ वर्षांच्या नातीला, महानंदाला, पांढरी. आजी रांगेत उभी असताना महानंदा ओट्यावर सागरगोटे खेळत बसे. एकदा तिने डॉक्टरांना विचारले, "ह्येच वाटून देता व्हय? मग म्या हातात धरूनच बरी हुईन की!" डॉक्टर पोटभर हसले. ते सहसा हसत नसत.

पुड्यांना गुण आला. तांबडीवाल्यांचा ताप उतरला आणि पांढरीवाल्यांचाही उतरला. डॉक्टरांचे डोळे चमकले. त्या दुपारी त्यांनी माझ्यावर लेख लिहिला. शेवटच्या वाक्याचा अर्थ असा होता: सागरगोट्याचे चूर्ण हिवतापात कोयनेलच्या तोडीचे आहे. मी घंटी वाजवली.

लेख गाजला. ठिकठिकाणाहून अभिनंदन आले, धाराशिवला डॉक्टरांना हार घातला गेला. एकाच घरात केलेल्या तुलनेची तर सगळ्यांनीच वाखाणणी केली. रसूलने मला तेल दिले आणि माझ्यावर नवे फडके घातले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते. आता ते आठवले की मला लाज वाटते.

पुढच्या साली वरच्या कचेरीतून कोयनेल आलेच नाही. डॉक्टरांनी फारशी काळजी केली नाही, सागरगोटे पोत्याने होते. पोळ्याच्या सुमारास हिवताप उठला तो अंगावरच आला. रसूल कुटत राहिला, लोक पांढऱ्या पुड्या नेत राहिले, पण ताप हटेना. आधी म्हातारी माणसे गेली, मग लेकरे जाऊ लागली.

एक दिवस पार्वतम्मा महानंदाला कडेवर घेऊन आल्या. पोर हुडहुडत होती. मुठीत मात्र सागरगोटे घट्ट धरलेले.

"डाक्टर, औंदा तुमच्या औषधाला गुण न्हाय."

"अव्वा, औषध तेच आहे. गेल्या साली याच पांढऱ्या पुडीनं हिचा ताप उतरला होता."

"निस्त्या पांढरीनं कुठं? तांबडी बी हुती की! म्या दोन्ही पुड्या एका वाटीत गुळासंगं कालवत हुते. लिंगापुढं ठेवायची, आन समद्यांला सारखं वाटायची."

डॉक्टर उभेच राहिले. "मी वेगळ्या द्या म्हणालो होतो ना?"

"आता गं बया! एका चुलीवर जेवणाऱ्यांना दोन औषधं देतंय व्हय कुणी? घरात आलेलं एकट्यानं कसं खायचं? आमच्या आळीत समद्या बायांनी तसंच केलं. तुमी म्हणला हुता पुडी चुकवू नका. एक बी चुकवली न्हाय बगा."

हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. आपण सगळे नीट पार पाडले, असेच त्यांना वाटत होते. पांढरीवाल्यांच्या पोटातही कोयनेल गेले होते, हे डॉक्टरांना उमगले. "माझ्या आईनंही हेच केलं असतं," ते हळूच म्हणाले. "मला कसं सुचलं नाही?"

त्यांनी डबा खरवडून उरलेले कोयनेल महानंदाला दिले. लगेच माझ्यावर कचेरीला अर्ज लिहिला आणि माणूस धाडला. काही दिवसांनी उत्तर आले ते उर्दूत. रसूलने वाचून दाखवले. आपल्याच लेखाप्रमाणे सागरगोटा कोयनेलच्या तोडीचा आहे, तेव्हा कोयनेलची गरज दिसत नाही. मित्रांनो, ते वाक्य मी ओळखले. मीच उमटवले होते, घंटी वाजवून.

डॉक्टर त्याच पावली सोलापूरला निघाले. ओळखीपाळखी काढून, हातापाया पडून त्यांनी कोयनेल मिळवले आणि नाक्यावर कोणी अडवू नये म्हणून सदऱ्याच्या आत बांधून आणले. या खेपेला ते स्वतः घरोघर बसले आणि प्रत्येकाला आपल्या हाताने डोस पाजला. पुष्कळ माणसे वाचली. महानंदा ते परतण्याच्या आदल्या दिवशी गेली होती.

पुढे पार्वतम्मा दवाखान्यात आल्या आणि पदराची गाठ सोडून त्यांनी तिचे सागरगोटे टेबलावर ठेवले.

"ह्ये बी कुटा. कुणाच्या तरी लेकराला उपेगी पडतील."

डॉक्टरांना ते बघवेना. "अव्वा, याचा गुण नव्हता हो. मी चुकीचं लिहिलं. चूक माझी आहे."

"तुमची कशी? वाटून तर म्या दिलं. पर डाक्टर, मुलाला द्यायचं आन पोरीला न्हाय, आसं म्या कसं केलं असतं?"

पार्वतम्मा गेल्या, त्यांचा पदर लागून सागरगोटे टेबलभर पांगले. डॉक्टरांनी ते गोळा केले, पण एक घरंगळत माझ्या पोटात शिरला, तो कोणाला दिसला नाही.

मग डॉक्टर दुसरा लेख लिहायला बसले. आपला पहिला निष्कर्ष साफ चुकला, का चुकला आणि त्यापायी काय झाले, ते सगळे त्यांनी लिहिले. एरवी लेखात रोग्यांची नावे नसतात. या लेखात एक नाव होते, महानंदाचे. रसूल दारात घुटमळत होता.

"साहेब, ह्ये धाडू नका. वरचे लोक खफा हुतील, नौकरी जाईल तुमची."

"रसूल, तो लेख वाचून अजून कुठंतरी कोणीतरी पांढरी पुडी बांधत असेल."

मग रसूलनेच पाकीट टपालात टाकले.

मासिकाने लेख परत केला. कागदाची टंचाई आहे, असे कारण दिले. डॉक्टरांनी तो पुन्हा धाडला, पुन्हा धाडला. शेवटी एका अंकाच्या मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत तळाशी चार ओळी आल्या. नाव गाळले होते. तो अंक रसूलने कोणालाच दाखवला नाही.

निजामाचे राज्य गेले, दवाखान्यावरची उर्दू पाटी उतरली. सास्तूरकडच्या दवाखान्यातला एक तरुण डॉक्टर मुद्दाम भेटायला आला. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, आम्ही तुमच्या लेखाप्रमाणं सागरगोटा सुरू केलाय."

"माझा दुसरा लेख वाचला का?"

"दुसरा? तो कुठला, सर?"

डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली आणि सगळे पहिल्यापासून सांगितले. त्यानंतर जो कोणी येई त्याला ते सांगत, न येणाऱ्यांना पत्रे लिहीत. ती सगळी माझ्यावरच लिहिली. माझी एक कळ अर्धीच उठे, ते अक्षर फिकट येई. डॉक्टर वैतागत, पण मला उघडून कोणी पाहिले नाही. पुढे डॉक्टर थकले आणि मी कपाटावर गेलो.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रातून जे उमटते ते खरेच असते, असे समजू नका. खरे आणि खोटे उमटवताना माझी घंटी सारखीच वाजते. पहिला लेख वाचलात, तर दुसराही शोधा.

आणि कधी बेंबळीला आलात, तर मला खाली काढा. धूळ झटका, थेंबभर तेल द्या. उघडाल तेव्हा माझ्या कळांच्या मुळाशी एक राखी बी अडकलेले दिसेल. ते टाकून देऊ नका, आणि औषध म्हणून कोणाला देऊही नका. ते एका मुलीच्या खेळातले आहे. अजून चार जमवा आणि ओट्यावर बसून खेळा.