विहिरीवरचं झाकण

विहिरीवरचं झाकण सरकलं होतं.

येताना इनो आणा.

बावीस नंबरच्या पानावर जागा नाही, खाली पैठणीची जाहिरात आहे.

विहिरीवरचं झाकण सरकलं होतं.

“कुठंय हे वाक्य?” दत्तोपंतांनी प्रूफ टेबलावर आपटलं. राहुरीहून एसटीनं ते नगरला आले होते ते या एका वाक्यासाठी. दिवाळी अंकातली त्यांची भयकथा संध्याकाळी छपाईला जाणार होती.

“आहे की सर, सुरुवातीलाच,” पानं लावणारी गौहर म्हणाली. “तेच परत परत आलं होतं. वाटलं, तुमच्या हातून चुकून झालं. बाकीची उडवली.”

“चुकून? अगं, पहिल्यांदा ती नुसती माहिती असते. दुसऱ्यांदा वाचणारा थबकतो. तिसऱ्यांदा त्याला कळतं, आता कुणीतरी जाणार. तू माझं भूतच कापलंस!”

“भूत ठेवलंय सर. शेवटी येतं की.”

“न सांगता येतं! पाहुण्यासारखं!”

फोन वाजला. घरून बायको, लीनाताई. “येताना इनो आणा हो. जळजळतंय.”

“सकाळीच सांगितलंस ना? आणतो.” फोन खिशात. “हं, घाल वाक्यं. जाहिरात बारीक कर.”

“जाहिरातवाले मला बारीक करतील.”

परत फोन. “निघालात का? इनो तेवढं…”

“लीना, किती वेळा तेच तेच! काम चाललंय इथं!”

गौहरची बोटं कीबोर्डवर थांबली. “सर, काकू नेहमीच असं परत परत सांगतात?”

“छे! दुसऱ्यांदा सांगायचं नाही, हा तिचा खाक्या. आज काय भरलंय डोक्यात कुणास ठाऊक.”

“मग तुम्ही जा घरी. लगेच जा. मी लावते सगळी वाक्यं. अल्लाकसम, एक गाळत नाही.”

“पान बघितल्याशिवाय मी हलणार नाही.”

ते हलले नाहीत. पान लागलं. झाकण जिथल्या तिथं सरकलं. वाचताना त्यांच्याच अंगावर काटा आला.

राहुरीत दुकान उघडं होतं. इनो घेतलं.

दारात शेजाऱ्यांच्या चपला पडल्या होत्या. माणसं बाजूला झाली, त्यांना वाट दिली. खिशातली पाकिटं तेवढी चुरचुरत होती.

सकाळी ते चपला घालत असताना लीनाताई डावा खांदा चोळत पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, येताना इनो आणा. एसटीला तेव्हा बराच वेळ होता.