वळूवाल्याच्या दोन गोळ्या

आमच्या गावात वळू एकच. त्याचं कौतुक करता करता मालक ते हळूच स्वतःच्या अंगाला लावून घ्यायचा. "आपल्या गोठ्यातून कुणी रिकामं जात नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. साठी उलटली तरी मिशीचा पीळ सुटला नव्हता.

त्या सकाळी मी गाय घेऊन गेलो. वळूनं आपलं काम चोख केलं, आणि कासरा धरलेला मालक छातीवर हात दाबून मटकन खाली बसला. घामानं सदरा भिजला. आम्ही तिघा गिऱ्हाइकांनी त्याला उचलून जीपमध्ये घातलं. त्याची बायको शेजारी बसली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली ठेवायची गोळी काढली आणि विचारलं, "काल-परवा ताकदीची गोळी घेतलीय का? खरं सांगा. तिच्यावर ही दिली तर रक्तदाब असा कोसळेल की जिवावर बेतेल."

मालकानं आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. "मला कशाला लागते असली गोळी," तो धापा टाकत म्हणाला. जीव चालला होता, पण मिशी खाली येईना.

बाईंनी गोळी पुढे केली तशी बायकोनं त्यांचं मनगट धरलं. "घेतलीय. काल रात्री. बाजारातल्या दलालानं दिली, ना चिठ्ठी ना काही. त्यानं एक सांगितली, ह्यांनी दोन गिळल्या." मनगट न सोडता ती म्हणाली, "आणि उपयोग शून्य."

आम्ही तिघं भिंतीकडे बघत राहिलो. गोळी परत डबीत गेली, दुसरे उपचार झाले आणि माणूस वाचला. ही गोष्ट गावभर केली ती मीच, तिखटमीठ लावून.

घरी आल्यावर मालकानं बायकोशी आठवडाभर अबोला धरला. मग म्हणाला, "चारचौघांत नाक कापलंस."

"कापलेल्या नाकातनं श्वास येतोय ना? मग घ्या."

तीन महिने झाले. मालक आता गुपचूप तपासण्या करून घेतो, आणि गोठ्यावर गर्दी वाढलीय. परवा तर एक जण गाभण गाय घेऊन आला. मालकाची नजर चुकवून बायकोपाशी घुटमळला, पायानं माती उकरत राहिला.

तिनं गाईच्या पोटावरून हात फिरवला. "हिला काही नको आता. तुम्हाला ती गोळी हवी असेल तर डॉक्टरीणबाईंकडे जा. छातीच्या, रक्तदाबाच्या ज्या गोळ्या चालू असतील त्या सगळ्या पिशवीत घालून न्या, आणि खरं सांगा. बायकोला सोबत न्या, म्हणजे खरंच सांगाल."

गाय माझीच होती.